समुद्र बाजूनं येतो

समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो पंचेचाळिशी ओलांडल्यावर, आणि खोटं कशाला बोलू, जराशी हिरमुसलेच. कारण त्याच्या वीस वर्षं आधी मी तो लातूरच्या कलेक्टर कचेरीत दुपारच्या चहाला करून दाखवत असे, आणि माझा समुद्र खऱ्यापेक्षा मोठा होता. फायलींच्या पेटाऱ्यावर उभं राहायचं, पदर दोन्ही हातांनी फुगवायचा, घशातून घूं घूं आवाज काढायचा आणि चहाचा ट्रे घेऊन येणाऱ्या शिपायाला होडी समजून त्याच्यावर धावून जायचं. शिपाई भ्यायचा ते मात्र खरंखुरं, कारण फुटलेल्या कपांचा जाब त्याला द्यावा लागे.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. उस्मानाबादहून ट्रक भरभरून फायली आल्या होत्या, खुर्च्या तिकडंच राहिल्या होत्या. मी टंचाई शाखेत टंकलेखक होते. शाखेला नाव शोभून दिसत होतं, कारण शाखेत टेबलांची टंचाई, पंख्यांची टंचाई आणि बाहेर सबंध जिल्ह्यात पाण्याची. माझं काम असं की रोज सकाळी तहसिलींना फोन लावायचा, पर्जन्यमापकात काल किती पाऊस साठला ते विचारायचं आणि तक्ता टाइप करायचा. पावसाळा केव्हाच सरला होता. पण तक्ता बंद करा असा आदेश कुणी काढला नव्हता, म्हणून दिवाळी झाली तरी मी उदगीर, अहमदपूर, निलंगा, औसा अशी नावं टाइप करून प्रत्येकापुढं 'निरंक' असं लिहीत होते. तो शब्द माझ्या बोटांना इतका पाठ झाला होता की एकदा वार्षिक वेतनवाढीच्या अर्जात स्वतःच्या नावापुढंही तोच पडला.

माझ्या समुद्राचा माल यायचा धाकट्या भावाच्या पत्रांतून. तो परीक्षा देऊन केंद्राच्या नोकरीत लागला आणि नेमणूक झाली आंध्रच्या किनाऱ्यावरच्या एका लहानशा बंदरात, बंदर कचेरीचा कारकून म्हणून. आमच्या लातूरजवळच्या मुरुडचं पोरगं. मांजरा नदीपेक्षा मोठं पाणी त्यानं पाहिलेलं नव्हतं, आणि मांजरा तरी आम्ही पाहिली तेव्हा बहुतेक वाळूच होती. त्याची खोली समुद्रापासून हाकेच्या अंतरावर होती. पहिल्या पत्रात त्यानं लिहिलं की रात्री कुणीतरी सारखं धान्य पाखडतंय असं वाटतं. पुढं लिहिलं, इथं पावसाळ्यापेक्षा हिवाळा वाईट. थंडी पडली की समुद्र बिथरतो. कोळी होड्या वर ओढून नारळाला बांधून ठेवतात. लाट परत फिरताना पायाखालची वाळू ओढून नेते, माणूस उभ्या उभ्या खचतो. मागच्या महिन्यात धक्क्यावरची भिंत एका सकाळी नव्हतीच.

मी ही पत्रं आईला, म्हणजे मायला, वाचून दाखवायचे तेव्हा भीतीचा भाग गाळायचे आणि कचेरीत तोच भाग दुप्पट करून सांगायचे. वडील नव्हते. लातुरात एका खोलीत माय आणि मी दोघीच राहायचो. मायचे प्रश्न वेगळेच असायचे. समुद्राचा बांध कुणी घातला, तिनं विचारलं. बांध नसतो म्हटल्यावर म्हणाली, मग त्याला आत यायला कोण अडवतं? मी म्हटलं, कुणी न्हाई. ती तुरीच्या डाळीतले खडे वेचत राहिली.

आमचे घरमालक चाकूरकडचे. तिकडं त्यांची कोरडवाहू जमीन होती आणि तिच्यात ज्वारी, वाऱ्यावर हलायलाही ताकद नसलेली. एक पाऊस, एकच, मग ती तगली असती. मालक रोज संध्याकाळी त्यांचा रेडिओ बगलेत मारून आमच्या उंबऱ्यावर येऊन बसायचे. आत येत नसत, आमच्याकडचं पाणी घेत नसत. खोली दिली तेव्हा त्यांनी जात विचारली नव्हती. नंतर आमच्या भिंतीवरच्या दोन तसबिरी पाहून त्यांना ती कळली, आणि तेव्हापासून त्यांच्या पोटात चहानं गॅस व्हायला लागला. पण बातम्या ऐकायला यायचेच, कारण त्यांच्या लेखी मी पावसाची सरकारी माणूस होते.

"काय साहेबीन, आज किती टायपला?" ते विचारायचे.

"निरंक."

"टायपताना तरी हात सढळ ठिवा की. सरकारच्या बापाचं काय जातंय?"

अशाच एका संध्याकाळी रेडिओनं सांगितलं की बंगालच्या उपसागरात वादळ तयार झालंय आणि ते आंध्रच्या किनाऱ्याकडं सरकतंय. मालकांनी मांडीवर थाप मारली. म्हणाले, निघाला. मायनं विचारलं, कुठून निघाला? तर ते पूर्वेकडं हात करून म्हणाले, "तुमच्या लेकाच्या गावावरून येतोय मावशी." जणू पोरानं एस्टीत बसवून काहीतरी पाठवलंय.

इथं एक सांगायला पाहिजे. थंडीतलं हे वादळ किनारा ओलांडून आत शिरलं की कधी कधी आमच्या भागापर्यंत येतं आणि जाता जाता पाऊस देतं. किनाऱ्यावर ज्याला संकट म्हणतात, त्याची आम्ही देगलूर-उदगीरकडं तोंड करून वाट बघतो. मीही बघायचे. त्या वर्षी तर सगळी कचेरी बघत होती.

दुसऱ्या दिवशी आमच्या अव्वल कारकुनांनी, त्यांना सगळे रावसाहेब म्हणत, भिंतीवर नकाशा लावला आणि उपसागरातून लातूरपर्यंत पेन्सिलीची एक रेघ ओढली. रेघ बरोबर भावाच्या बंदरावरून जात होती. म्हणाले, बाई, भावाला कळवा, मधे अडवून ठेवू नको म्हणावं, तसाच पुढं लावून दे. सगळे हसले, सगळ्यात मोठ्यानं मी. दुपारी फर्माईश झाली तसं मी पेटाऱ्यावर चढून वादळ करून दाखवलं. नायब तहसीलदार बघायला आले होते. तो प्रयोग माझा सगळ्यात चांगला झाला, आणि अजून आठवला की मी मान खाली घालते.

त्याच दिवशी चार दिवसांपूर्वीचं त्याचं कार्ड आलं. वारा सुटलाय, पाऊस विशेष नाही, काळजी करू नये. वाचून माझ्या जिवात जीव आला. आता हसू येतं, पण आम्ही पाऊस मोजणारी माणसं. पाऊस नाही म्हणजे पाणी नाही, आणि पाणी नाही म्हणजे बुडायचं कशात? मी मायला तसंच सांगितलं. तिथं पाऊसच नाही, भ्यायचं काय? तिलाही पटलं. ती त्या संध्याकाळी दोन घास जास्त जेवली. नाराज झाले ते मालक. पाऊस नाही म्हणजे, असं त्यांनी तीनदा विचारलं.

मग दुसऱ्या संध्याकाळी रेडिओवर दहा नंबरचा बावटा आला.

बावट्याचं गणित मला पत्रांतून ठाऊक होतं. बंदरावर डोलकाठी असते, तिच्यावर काळ्या टोपल्यांसारखं काहीतरी चढवतात आणि त्यावरून धोका किती ते कोळ्यांना कळतं. तीनला होड्या बाहेर काढत नाहीत. दहा म्हणजे महासंकट. आणि दहाच्याही वर एक असतो, अकरा. त्याचा अर्थ असा की कुणाचाच कुणाशी संपर्क राहिलेला नाही, आता ज्यानं त्यानं बघावं. ते मी मायला सांगितलं नाही. रेडिओ पुढं म्हणाला की समुद्राचं पाणी सखल वस्त्यांमध्ये शिरलंय.

माय माझ्याकडं वळली. "पाऊस न्हाई म्हणलीस की."

"पाऊस न्हाईच माय. समुद्र आत आलाय."

"आत म्हंजी कुठून?"

"बाजूनं."

तिनं हातातलं सूप खाली ठेवलं. तिच्या आयुष्यात पाणी वरून पडलं होतं, विहिरीत खालून झिरपलं होतं आणि अलीकडं चाकांवर बसून टँकरनं आलं होतं. बाजूनं ते कधी आलं नव्हतं. "बाजूनं आल्यावर माणसानं जायचं कुठं?" असं तिनं मला विचारलं, आणि रोज दुपारी वीस माणसांपुढं समुद्र होणारी मी तिनं ठेवलेलं सूप उचलून भिंतीला लावायला लागले.

मालकांना मात्र राहवलं नाही. दहा नंबर म्हणजे पाऊस पक्का, परवापर्यंत चाकुरात, असं काहीबाही बोलत त्यांनी रेडिओचा आवाज वाढवला.

माय शांतपणे म्हणाली, "मालक, तुमच्या ज्वारीपायी माझं लेकरू बुडवता काय?"

त्यांनी रेडिओ बंद केला. मग चाचरत म्हणाले की कुठल्या देवाला तरी नवस बोला मावशी, मी नारळ आणून देतो. आमच्या घरात नवस नव्हता, माझ्या आजोबांच्या काळात तो सुटला होता. माय म्हणाली, "माझ्याकडं लाच द्यायला कुणी न्हाई, मालक. माझं मलाच बघावं लागतं."

सकाळी मी वेळेच्या आधी कचेरीत गेले. फोन लावायच्या आतच तो वाजला. नांदेडच्या कचेरीत माझंच काम करणारी एक बाई होती. ओरडून सांगत होती की देगलूरला सुरू झाला. मग उदगीर लागलं. तिथला कारकून एरवी 'निरंक' हा शब्दसुद्धा कंटाळून अर्धाच म्हणायचा. आज म्हणाला, "चौदा. लिहा बाई, चौदा मिलिमीटर. अन् अजून पडूनच राहिला." त्याच्या मागं माणसं हसत होती, कुणीतरी शिट्टी मारली. मी यंत्रात कागद घातला आणि बोटांनी सवयीनं 'निरंक'च टाइप केलं. खोडलं. परत तेच पडलं. महिनोन् महिने ज्या आकड्याची वाट पाहिली तो आला होता, आणि माझ्या मनात एवढंच येत होतं की हे जे उदगिरात पडतंय ते भावाच्या डोक्यावरून आलंय, आणि त्यातलं किती तिथंच राहिलं ते कुणी मोजलेलं नाही.

रावसाहेबांनी भिंतीवरचा नकाशा काढून घडी करून ठेवला. स्वतः बंदराला ट्रंक कॉल बुक केला. लाइन बंद. तासाभरानं परत. बंद. संध्याकाळपर्यंत त्यांनी सहा वेळा लावला आणि दर वेळी ऑपरेटरशी असं बोलले की जसं काही तारा त्यानंच तोडल्यात.

लातुरात दुपारी पाऊस आला. थंडीतला पाऊस, बारीक आणि हट्टी. कचेरी रिकामी झाली, माणसं रस्त्यात उभी राहून भिजत होती. मी टाइपरायटरवर फडकं घालून बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कॉल लागला. बंदराची लाइन बंदच होती, ऑपरेटरनं कचेरी हलवली होती त्या आतल्या गावच्या शाळेत जोडून दिलं; बोलणारा भावाचा वरिष्ठ होता. आवाज येत होता, जात होता. त्यानं सांगितलं की समुद्र यायच्या आधी कचेरीच्या माणसांना न्यायला ट्रक आला. सगळे चढले. भाऊ पण चढला. आणि मग उतरला. मी म्हटलं, उतरला कशाला? तर तो आपल्या हिंदीत म्हणाला, "वो दो मिनट में पानी भर के आतूँ बोल के उतर गया. हम बहुत चिल्लाए." ट्रकवाल्यानं थोडा वेळ वाट बघितली. रस्त्यावर पाणी दिसायला लागलं तसा तो निघाला. त्यानंतर भाऊ कुणाला दिसलेला नाही. लाइन गेली.

रावसाहेब शेजारी उभे होते. त्यांनी विचारलं, कोणतं पाणी? समुद्र येत असताना कोणतं पाणी भरायला गेला?

त्यांना कळलं नाही, मला कळलं. आमच्या घरात काहीही झालं तरी पहिलं काम पाणी भरणं. लग्न ठरलं, भरा. गावात भांडण झालं, भरा. वडील गेले त्या सकाळी मायनं रडायच्या आधी आम्हा दोघांच्या हातात घागरी दिल्या होत्या. आता माणसं येतील म्हणाली, भरून ठेवा. बापाचं प्रेत अंगणात असताना दोन्ही लेकरं पाण्याच्या रांगेत उभी होती. ते पोरगं ट्रकातून उतरणारच होतं.

घरी जाताना मी ठरवलं होतं की खोटं बोलायचं. खोटं बोलण्यात माझा हात धरणारं कुणी नाही. चेहरा तयार केला, पहिलं वाक्य तयार केलं. मायनं दार उघडलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "सांग." मी सगळं सांगितलं.

ती खाली बसली. मग म्हणाली, "मीच लावली ही सवय." आणि मग तिनं जे विचारलं ते मी जन्मभर विसरणार नाही. "त्याच्याजवळ भांडी किती?"

मी म्हटलं, इथून नेली ती एक घागर, एक बादली.

तिनं डोळे मिटले. एक घागर, एक बादली. नळ दारात का लांब? मला माहीत नव्हतं. धार मोठी का बारीक? माहीत नव्हतं. ती बोटांवर हिशेब करत होती, घागरीला एवढा वेळ, बादलीला एवढा. दोनच भांडी असतील तर पोरगं ट्रक निघायच्या आत परत यायला पाहिजे होतं. मग तिनं डोळे उघडले. "शेजारी म्हातारं माणूस हाय का कुणी?"

पत्रात एका म्हाताऱ्या शेजारणीचा उल्लेख होता. मी हो म्हटलं.

"मग तिचंबी भरलं असंल त्यानं," माय म्हणाली. आणि हिशेब तिथंच थांबला.

संध्याकाळी मालक आले. नखशिखांत भिजलेले, शेतावरून आलेले, पायाला चिखल, आणि तोंडावर असा आनंद की तो लपवायला त्यांच्याजवळ टॉवेलसुद्धा नव्हता. दारात आमचे चेहरे बघून ते तसेच उभे राहिले. मी थोडक्यात सांगितलं. त्यांनी बगलेतला रेडिओ दारातूनच उंबऱ्याच्या आत सरकवला, राहू द्या म्हणाले इथंच. मग पन्हाळीखाली उभे राहून, कुणाकडं न बघता म्हणाले, "थांबला पाऊस तरी चालंल मला, मावशी."

"आता थांबून काय करतो," माय म्हणाली. "पडू दे. आत या, भिजू नका."

ते आत आले. चहा मिळंल का, असं त्यांनी विचारलं. मायनं केला, त्यांनी दोन्ही हातांनी कप धरून घेतला. गॅसचं काही बोलले नाहीत.

पुढचे दोन दिवस कसे गेले ते मला नीट सांगता येत नाही, आणि मला सांगता येत नाही अशी गोष्ट तुम्हाला क्वचितच सापडेल. रोज सकाळी मी आकडे घेत होते आणि रोज ते उतरत होते. वादळ आमच्यापर्यंत येऊन दमलं होतं. माय वंदना म्हणायची, स्वयंपाक करायची आणि पाणी भरायला जायची नाही. घरातल्या घागरी दोन दिवस रिकाम्या होत्या. ते मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. मी गुपचूप भरायला लागले तर म्हणाली, ठेव ते.

तिसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. मला वाटलं निलंगा. मी म्हटलं, बोला, किती?

पलीकडून खोकला आला, मग आवाज. "अक्का, मी हाय."

मी काही बोलले असेन. रावसाहेब सांगतात की मी फक्त 'कुठून, कुठून' एवढंच म्हणत होते. तो अठरा मैल चालत एका मोठ्या गावच्या पोस्टात आला होता. घाईघाईनं सांगत होता, तीन मिनिटांचे पैसे भरले होते. आपली घागर भरली, बादली भरली, म्हातारीची दोन भांडी भरली, ट्रक गेला. गल्लीत पाणी घोट्याला लागलं. मग तो, म्हातारी आणि तिच्या घरचे बर्फाच्या कारखान्याच्या छतावर चढले, भांड्यांसकट. आणखी काही जण आधीच वर होते. सगळे मिळून अकरा. समुद्र कारखान्याच्या खिडक्यांतून आत गेला आणि पलीकडून बाहेर पडला. तो ओसरल्यावर विहिरी सगळ्या खारट. अकरा माणसांना यानं एक-एक फुलपात्र पाणी वाटलं, सकाळी एक आणि संध्याकाळी एक. दुसरं मागितलं तर द्यायचा नाही.

"म्हातारी मला चावली अक्का," तो म्हणाला. "हाताला. दुसरं फुलपात्र दिलं न्हाई म्हणून."

मी हसायला लागले आणि मला ते थांबवता येईना. समुद्राकाठच्या सखल वस्तीचं विचारलं तर त्यानं ते टाळलं. मग म्हणाला, ट्रकातली सगळी माणसं सुखरूप आहेत. माय कशी आहे म्हणाला, आणि मिनिटं संपली.

मी रस्त्यातून पळत घरी गेले. मायला सांगितलं. ती रडली नाही. उठली, मला पेन-कागद घ्यायला लावलं आणि पत्र सांगायला बसली, इतकं चिडलेलं मी तिला कधी पाहिलं नव्हतं. "लिही. ट्रक आला की ट्रकात बसायचं. जनावरानं बी बसलं असतं. पाणी भरत बसू नको म्हणावं, कधीच."

मी लिहिलं. तिनं वाचायला लावलं. मी वाचलं. ती भिंतीकडं बघत राहिली. बाहेर मालक कुणाला तरी मोठ्यानं सांगत होते की पोरगं सापडलं.

"खोड ते," माय म्हणाली.

"कोणतं?"

"कधीच म्हणून लिवलंस ते." मी खोडलं. मग 'पाणी भरत बसू नको' ही शेवटची ओळही खोडायला लावली. पेन हातात धरून मी वाट बघत राहिले. तिनं पदरानं तोंड पुसलं.

"लिही," ती म्हणाली. "एकच घागर भर. अन् पळ."